चारशेचा कॉलर माईक रुसतो का, आणि अडीच हजारांत दुसरा कोणता घ्यावा

पत्र: माझ्या सासूबाई जुन्या पद्धतीचे पदार्थ करून दाखवतात आणि मी मोबाईलवर त्यांचे व्हिडिओ काढते. मोबाईल स्टँडवर, ओट्यापासून पाचेक फुटांवर असतो. त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, म्हणून चारशे रुपयांचा वायरलेस कॉलर माईक मागवला. तो कधी चालतो, कधी खरखरतो, शब्दांचे शेवट गिळतो. पुरणपोळीचा तर पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ काढून झाल्यावर कळलं, की आवाज माईकचा नाहीच, मोबाईलचाच आलाय. आता अडीच हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. घरात एक अँड्रॉइड आणि यजमानांचा जुना आयफोन आहे. थंडीत शेतावर हुरड्याचे व्हिडिओ करायचेत, तेव्हा आम्ही दोघी बोलू. कोणता माईक घ्यावा? — एक सूनबाई, सोलापूर जिल्हा

उत्तर:

ताई, नवा माईक मागवायच्या आधी जुन्याची झडती घ्या. पुरणपोळीच्या दिवशी जे झालं त्यात माईकपेक्षा मोबाईलचा हात जास्त असावा. तसं असेल तर अडीच हजारांचा नवा सेटही तुम्हाला त्याच ठिकाणी दगा देईल.

या माईकचा रिसीव्हर, म्हणजे मोबाईलच्या चार्जिंगच्या तोंडात खोचायचा तो छोटा तुकडा, मोबाईलच्याच बॅटरीवर चालतो. मोबाईलने त्याला वीज द्यायची तर ओटीजी, म्हणजे बाहेरचं उपकरण जोडायची मोबाईलमधली सोय, चालू असावी लागते. ओप्पो, रिअलमी, वनप्लस यांच्या बऱ्याच फोनमध्ये ओटीजी हाताने चालू करावं लागतं आणि दहा मिनिटं वापर झाला नाही की ते आपोआप बंद होतं. तुम्ही माईक लावला, दिवा लागला, मग पुरण वाटून होईपर्यंत कणीक तिंबत बसलात, आणि नंतर रेकॉर्डिंगचं बटण दाबलं असेल, तर तोवर रिसीव्हर झोपी गेला होता. मोबाईलने मुकाट्याने स्वतःचा माईक वापरला. तो तसं सांगतही नाही. म्हणून बटण दाबण्याआधी शेवटची नजर रिसीव्हरच्या दिव्यावर टाकायची. दिवा विझलेला असेल तर ओटीजी, लुकलुकत असेल तर ट्रान्समीटरशी, म्हणजे अंगावर लावायच्या तुकड्याशी, जोडणी झालेली नाही.

दुसरं कारण मोबाईलचं कव्हर. जाड रबरी कव्हर असलं की टाइप-सीची पिन अर्धा मिलिमीटर बाहेरच राहते. दिवा लागतो, पण जरा हललं की खरखर सुरू होते किंवा जोडणी सुटते. तुमची 'कधी चालतो, कधी खरखरतो' ही तक्रार मला इथलीच वाटते. कव्हर काढून एकदा बघा.

तिसरं कारण कॅमेऱ्याचं अ‍ॅप. आयफोनचा कॅमेरा बाहेरचा माईक लावला की निमूट तो घेतो. अँड्रॉइडमध्ये मात्र कंपनीगणिक तऱ्हा. काही फोनच्या मूळ कॅमेऱ्यात बाहेरच्या माईकचा पर्याय सेटिंग्जमध्ये दडलेला असतो, काहींत नसतोच. तेव्हा 'ओपन कॅमेरा' हे फुकट अ‍ॅप घ्यावं. त्याच्या सेटिंग्जमध्ये व्हिडिओ सेटिंग्ज, तिथे ऑडिओ सोर्स, आणि त्यात एक्स्टर्नल माईक निवडायचा. एकदा निवडला की तो तसाच राहतो.

आता कोणत्या माईकचा आवाज येतोय हे ओळखायची अर्ध्या मिनिटाची परीक्षा. रेकॉर्डिंग सुरू करा, कॉलर माईकच्या जाळीवर नखाने तीनदा हलकेच खरवडा. मग मोबाईलच्या खालच्या कडेवर, जिथे त्याच्या माईकचं बारीक छिद्र असतं तिथे, तीनदा खरवडा. रेकॉर्डिंग थांबवून ऐका. पहिली खरवड कानात घुसली आणि दुसरी जेमतेम ऐकू आली, तर माईक चालतोय. उलट झालं तर वरच्या तिन्हीपैकी एक भानगड आहे. ही परीक्षा दर व्हिडिओआधी करायची, माईक कितीही भारी असला तरी.

एवढं करून जुन्याची खरखर गेली, तरी शब्दांचे शेवट गिळण्याची खोड बहुतेक राहील. ती त्या माईकचीच आहे, आणि नव्या सेटवर पैसे घालायचे ते याच कारणासाठी. स्वस्त सेटमध्ये नॉइज कॅन्सलेशन नावाची सोय असते. आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की तो गोंगाट समजून दाबून टाकायचा, एवढीच तिची अक्कल. मराठी बोलताना वाक्य क्रियापदावर संपतं आणि ते क्रियापद आपण हळूच सोडतो. 'मग यात वेलदोड्याची पूड घालायची' यातलं 'घालायची' निम्म्या आवाजात येतं. सासूबाईंचं तर जास्तच, कारण तेव्हा त्यांचं लक्ष परातीकडे असतं. माईकला वाटतं हा पंख्याचा आवाज, आणि तो 'घालायची'चं शेपूट तोडतो. पाककृतीच्या व्हिडिओत 'घालायचं' आणि 'नाही घालायचं' यातलं अर्धं गेलं तर काय उरलं? तुमच्या सध्याच्या माईकवर एकच बटण असेल तर ते चालू स्थितीत एकदा हलकेच दाबून पाहा. बऱ्याच सेटमध्ये तसं केल्यावर दिव्याचा रंग बदलतो आणि नॉइज कॅन्सलेशन चालू-बंद होतं. ते बंद करून शेवट नीट आले, तर चारशेच्या माईकवर अजून थोडे दिवस निघतील.

नवा घेताना खोक्यावर काय वाचायचं ते सांगतो. नॉइज कॅन्सलेशन बंद करता येतं हे स्पष्ट लिहिलेलं हवं. कमी-जास्त अशा दोन पायऱ्या असल्या तर उत्तम. आवाज ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड होतो असं लिहिलेलं हवं. हा आकडाच ज्याने छापलेला नाही, त्याच्या वाटेला जाऊ नये. अगदी स्वस्त माईक आवाजाचा वरचा भाग छाटून पाठवतात, आणि मग 'स', 'श', 'च' सगळे फोनवर बोलल्यासारखे बोथट होतात. रिसीव्हरला चार्जिंगचं वेगळं तोंड हवं, कारण तासभर शूटिंग करताना मोबाईलची बॅटरी माईकही खातो आणि कॅमेराही. मात्र प्रत्यक्ष रेकॉर्डिंग चालू असताना चार्जर लावायचा टाळावा. स्वस्त चार्जरची 'हूं' अशी गुणगुण आवाजात उतरते. लावायचाच झाला तर पॉवर बँक बरी. आवाजाची पातळी, म्हणजे गेन, कमी-जास्त करायची सोय असावी. आणि खोक्यात माईकवर चढवायच्या केसाळ टोप्या असाव्यात. नुसते स्पंजचे गोळे शेतावर पुरत नाहीत.

'रेंज ३०० मीटर' याकडे ढुंकूनही बघू नका. तो आकडा मोकळ्या मैदानात, मध्ये काहीही नसतानाचा असतो. तुम्हाला लागतात दोन मीटर. त्या दोन मीटरमध्ये मात्र मधे काय येतं याला महत्त्व आहे. हे माईक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वायफाय आणि ब्लूटूथ त्याच वाटेने जातात, आणि माणसाच्या अंगातलं पाणी ती लहर शोषतं. सासूबाई ओट्याकडे तोंड करून उभ्या, माईक छातीवर, आणि तुम्ही मोबाईल त्यांच्या पाठीमागून, खांद्यावरून धरलेला, असं असेल तर अख्खं शरीर मध्ये येतं आणि आवाज तुटतो. मोबाईल बाजूला, ओट्याच्या टोकाशी ठेवा. हात आणि चेहरा दोन्ही दिसतात, आणि माईकपासून मोबाईलपर्यंतची वाट मोकळी राहते. स्टीलच्या भांड्यांची मांडणीही मध्ये येऊ देऊ नका. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, तेव्हा रेकॉर्डिंग असताना तो बंद. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका. वायफाय-ब्लूटूथची गर्दी कमी होते, आणि ऐन फोडणीच्या वेळी मावशींचा फोन येऊन रेकॉर्डिंग तुटत नाही.

ब्लूटूथ हेडफोनचा माईक वापरू का, असं अनेक जण विचारतात. नको. तो फोनवर बोलण्याच्या दर्जाचा आवाज देतो आणि वर तो उशिरा पोहोचतो, ओठ आधी हलतात. २.४ गिगाहर्ट्झच्या कॉलर माईकचा उशीर साधारण वीस मिलिसेकंदांच्या घरात असतो, म्हणजे व्हिडिओच्या एका फ्रेमपेक्षाही कमी. डोळ्याला तो कळत नाही.

किमतीचं म्हणाल तर पाचशेच्या आतले सगळे सेट साधारण एकाच माळेचे मणी, नावं तेवढी वेगळी. दीड ते अडीच हजारांच्या पट्ट्यात वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टी असलेले, दोन ट्रान्समीटरचे सेट मिळतात. तुमच्यासाठी हाच पट्टा. त्याच्या वर हॉलीलँडचा लार्क एम२, डीजेआयचा माईक मिनी असे आहेत. त्यांचे ट्रान्समीटर ९-१० ग्रॅमचे, साडीवर लावलेले जाणवतसुद्धा नाहीत आणि बॅटरी दिवसभर टिकते. पण तुमच्या व्हिडिओत आज जे बिघडतंय ते त्यांनी वेगळं सुधारणार नाही. वाचलेले पैसे ओट्यावरच्या दिव्यावर घाला.

दोन ट्रान्समीटरचाच सेट घ्या. दुसरा हुरड्याला लागेलच. एरवी एकाची बॅटरी ऐन वेळी बसली तर तो तयार हवा, कारण यातल्या बॅटऱ्या बदलता येत नाहीत. महिनोनमहिने वापर नसला तर पूर्ण उतरलेल्या अवस्थेत कपाटात टाकू नका, निम्मं चार्जिंग करून ठेवा.

आयफोनचं एक सांभाळा. आयफोन १४ पर्यंत लाइटनिंगचं तोंड होतं, २०२३ मध्ये आलेल्या १५ पासून टाइप-सी आहे. यजमानांचा जुना म्हणजे बहुधा लाइटनिंगचा. दोन्ही प्रकारचे रिसीव्हर किंवा दोन्ही टोकं त्याच खोक्यात येतील असा सेट निवडा. बाजारात शंभर-दीडशेला मिळणारे टाइप-सी ते लाइटनिंगचे जोड बहुतेक फक्त चार्जिंगचे असतात. त्यातून आवाज जात नाही, आणि दोष माईकवर येतो.

वायरचा पर्यायही सांगून ठेवतो. बोयाचा बीवाय-एम१ हा वायरवाला कॉलर माईक हजाराच्या आसपास मिळतो, वायर ६ मीटर लांब, आणि आवाज अडीच हजारांच्या वायरलेसच्या तोंडात मारेल असा. त्यावर एक स्विच असतो, तो मोबाईलसाठी स्मार्टफोनच्या बाजूला ठेवायचा. तेव्हा त्याला सेलही लागत नाही. मोबाईलला ३.५ मिलिमीटरचं तोंड नसेल तर आत चिप असलेला आणि माईक चालतो असं लिहिलेला टाइप-सी जोड घ्यावा लागतो. पाटावर बसून निवांत सांगायच्या गोष्टी असत्या तर मी तुम्हाला हाच घ्या म्हटलं असतं. पण सासूबाई ओटा, फडताळ आणि गॅस यांत फिरणार, वायर पायात येणार, आणि जवळ उकळतं तेल. नकोच.

आता माईक लावायचा कुठे. निम्मा आवाज इथे बनतो. पाच फुटांवरून माईक अर्ध्या फुटावर, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटरवर आला की अंतर दहापट घटतं आणि आवाज २० डेसिबलने वर येतो. टाइल्सवर आपटून येणारा घुमारा आणि पंखा आहे तिथेच राहतात. 'विहिरीतला आवाज' जातो तो यामुळे, माईकच्या किमतीमुळे नाही. तेव्हा हनुवटीपासून साधारण अर्धा फूट खाली, छातीच्या मधोमध. याहून वर, अगदी गळ्याशी लावला तर हनुवटीच्या आडोशाला जातो आणि आवाज दबतो.

साडीवर तिथे मंगळसूत्र असतं, हीच गोम आहे. काळे मणी माईकवर टक-टक आपटतात आणि ते नंतर कोणत्याही अ‍ॅपने निघत नाही. मंगळसूत्र पदराच्या आत घ्या, किंवा माईक मधोमध न लावता पदराच्या काठावर, दोन बोटं डावीकडे लावा. काठ जाडसर असतो, क्लिप घट्ट बसते आणि कापड लोंबत नाही. सुती किंवा इरकल असेल तर उत्तम. सिंथेटिक साडी हललं की सळसळते आणि माईकला ती पावसासारखी ऐकू येते. पदर खांद्यावर पिन करून घ्या, कमरेला खोचा, म्हणजे माईक जागचा हलणार नाही. बांगड्यांचा आवाज राहू द्या, पोळी लाटताना तो शोभतो. काही सेटमध्ये क्लिपऐवजी लोहचुंबक असतं. सासूबाईंना पेसमेकर असेल तर ते छातीवर लावू नका, क्लिपच वापरा.

सासूबाई खाली वाकल्या की तोंड माईकजवळ येतं आणि आवाज मोठा होतो, वर बघून बोलल्या की लहान. म्हणून गेन चढा ठेवू नका. नेहमीच्या बोलण्याला आवाजाची पातळी दाखवणारा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास आणि मोठ्याने हसल्यावर उणे ६ ला टेकला, की पुरे. शून्याला धडकलेला आवाज फाटतो, तो पुन्हा शिवता येत नाही. लहान राहिलेला नंतर वाढवता येतो. मीटर बघायला 'ब्लॅकमॅजिक कॅमेरा' हे फुकट अ‍ॅप चांगलं आहे, पण ते सगळ्या अँड्रॉइड फोनवर चालत नाही. फार जुना नसेल तर आयफोनवर चालतं. मीटर नसेल तर गेन मधल्या खुणेवर ठेवा, सासूबाईंना फोडणी देताना जशा बोलतात तसं एकदा बोलायला सांगा आणि इअरफोन लावून ऐका. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून काही ठरवू नका, त्यावर सगळंच ठीक वाटतं.

बोलायला काय सांगायचं, तर 'फुलपात्रभर भाकरीचं पीठ भाजून फडक्यात बांधा' असलं काही. 'फ' आणि 'भ'ला तोंडातून हवेचा झोत सुटतो. माईक फार जवळ असेल तर त्या अक्षरांना धप्-धप् होतं. मग दोन बोटं खाली सरकवा किंवा स्पंजचा गोळा चढवा. आणि 'शेवटी साखर, सुंठ, जायफळ घालायचं' हे अगदी हळू. यातले 'स' आणि 'श' वेगळे ऐकू यायला हवेत आणि 'घालायचं' पूर्ण.

स्वयंपाकघराचा स्वतःचा आवाज माईकवर सोपवू नका, तो माणसाने बंद करायचा. कुकरच्या शिट्ट्या आधी होऊ द्या, चिमणी आणि पंखा बोलताना बंद. फ्रिजची घरघर मधूनच सुरू होते आणि दोन तुकडे जोडताना उघडी पडते. शूटिंगपुरता तो बंद करा, आणि स्कूटीची किल्ली फ्रिजात ठेवा. म्हणजे बाहेर पडायच्या वेळी फ्रिज चालू करायची आठवण होणारच. माईक वाफेच्या आणि तेलाच्या उडणाऱ्या थेंबांच्या वाटेत नको. कढईवर वाकायची वेळ आली की बोलणं आधी उरकून घ्यावं. चार्जिंगला लावलेला सेट गॅसशेजारी ओट्यावर ठेवू नये.

हुरड्याचं. वाऱ्यापुढे नॉइज कॅन्सलेशन काही करू शकत नाही, कारण वारा हा माईकच्या पडद्याला थेट ढकलतो. केसाळ टोपी त्या झोताला केसांतच अडवते. टोपी उडून हरवतेच, दोन जादा घेऊन ठेवा, आणि चढवल्यावर दोऱ्याने एक वेढा द्या. तीही नसेल तर माईक सुती पदराच्या एका थराखाली घ्या, आवाज थोडा बसका होईल पण वारा जाईल. बसताना वाऱ्याकडे पाठ करून बसा, आगटीचा धूरही तोंडावर येत नाही. आगटीत कणसं भाजताना उडणारे फटफट आवाज राहू द्यावेत, माईक मात्र निखाऱ्यांच्या धगीपासून हातभर लांब.

तुम्ही दोघी शेजारी-शेजारी बसणार. दोन्ही माईक दोघींचा आवाज ऐकणार, आणि तोच आवाज क्षणाच्या फरकाने दोनदा आला की तो पोकळ, डबा धरून बोलल्यासारखा होतो. उपाय सोपा आहे. तोंडापासून माईक जितका दूर, त्याच्या तिप्पट अंतर दोन माईकमध्ये हवं. तुमचा माईक १५ सेंटिमीटरवर, तर दोघींच्या मध्ये निदान ४५ सेंटिमीटर, एका हाताएवढं. एकीलाच बराच वेळ बोलायचं असेल तर दुसरीचा माईक म्यूट करा. रिसीव्हरवर मोनो आणि स्टिरिओ असा पर्याय असला तर मोनो निवडा. स्टिरिओत सासूबाई एका कानात आणि तुम्ही दुसऱ्या कानात, असा प्रकार होतो. झालाच तर घाबरू नका, आवाज हरवलेला नसतो, एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये दोन्ही बाजू एकत्र करता येतात.

उभा व्हिडिओ काढताना रिसीव्हर खाली येतो आणि स्टँडचा चिमटा त्यावर दाबतो. मोबाईल उलटा, डोकं खाली करून लावा. बहुतेक फोनमध्ये चित्र आपोआप सुलटं होतं आणि रिसीव्हर वर मोकळा राहतो.

सेट घरी आला की परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते बघा, पक्कं बिल घ्या आणि त्याच संध्याकाळी ओट्याशी सगळं करून पाहा: कव्हर काढून, नखाची परीक्षा, दोन्ही ट्रान्समीटर एकेक करून, मोबाईलकडे पाठ करून दहा पावलं, आणि पंधरा मिनिटं न थांबता रेकॉर्डिंग. नॉइज कॅन्सलेशन बंद ठेवूनही 'घालायचं'चं शेपूट तुटत असेल, किंवा दोनपैकी एका ट्रान्समीटरचा आवाज दुसऱ्यापेक्षा उघड बारीक असेल, तर फर्मवेअर, म्हणजे माईकच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलायच्या वगैरे नादी न लागता तो परत पाठवा.